दादर टीटी ते काळा घोडा : पत्त्याच्या भाषेविषयी

वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि परगावाहून येणाऱ्या पत्रकारांची वार्तापत्रे वाचणाऱ्यांना 'टॅक्सीवाला' हे पात्र चांगलेच परिचयाचे आहे. निवडणुकीचा कल असो, महागाई असो वा पावसात तुंबलेली मुंबई असो. विमानतळापासून हॉटेलापर्यंतच्या तासाभरात हा टॅक्सीवाला एखादे चटकदार वाक्य उच्चारतो आणि लेखाला 'सामान्य जनतेचा आवाज' मिळतो. या पात्राला नाव नसते, गाव नसते, घरची काळजी नसते आणि मुख्य म्हणजे लेखकाशी त्याचा कधीही मतभेद होत नाही. लेखकाला जे म्हणायचे आहे तेच तो थोड्या अशुद्ध भाषेत म्हणतो, एवढेच.

अशा लेखनात आणखी एका लेखाची भर घालण्याचे कारण सांगितले पाहिजे. आम्ही ज्या संभाषणाविषयी लिहीत आहोत त्याचा विषय देशाचे राजकारण नव्हता. त्याचा विषय होता भाषा. आणि तीही चालकाच्या स्वतःच्या धंद्याची, म्हणजे पत्ता ऐकण्याची आणि पत्ता सांगण्याची भाषा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या भाषेकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहावे आणि ती हातची जाण्यापूर्वी नोंदवून ठेवावी, असे आमचे म्हणणे आहे. त्या म्हणण्याला या संभाषणाचा आधार आहे, म्हणून ते आधी थोडक्यात सांगतो.

आम्ही दोघे मुंबईतील दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. फोर्टमधल्या एका चर्चासत्रासाठी दादरहून एकत्र टॅक्सी केली. चालक पासष्टीच्या पुढचे, मूळचे जौनपूर जिल्ह्यातले. १९८२ साली, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्या वर्षी ते मुंबईत आले आणि चुलत्याच्या टॅक्सीवर रातपाळी करू लागले. "काळा घोडा," असे आम्ही म्हणताच त्यांनी विचारले, "ताई, म्युझियमच्या अंगाने की युनिवर्सिटीच्या अंगाने?" आमच्यातील एकीने उत्तर दिले आणि ते समाधानाने म्हणाले, "तुम्ही पत्ता बोललात. आता लोक पत्ता बोलत नाहीत, दाखवतात."

हे वाक्य ऐकून आम्ही सावध झालो. पत्ता 'बोलणे' आणि पत्ता 'दाखवणे' हा भेद मौखिक आणि लिखित यांमधला भेद शिकवताना आम्हांला कधी सुचला नव्हता. पुढचा पाऊण तास बहुतेक तेच बोलत होते.

त्यांचे पहिले निरीक्षण असे की, माणूस स्टेशनाचे नाव काय घेतो यावरून त्याचे वय आणि मुंबईतले मुरणे कळते. "बोरीबंदर म्हणणारे म्हातारे होते, ते आता भेटत नाय. व्हीटी म्हणणारे अजून पुष्कळ. सीएसटी म्हणणारा कॉलेजवाला होता, तो आता पोरांचा बाप झाला. आणि सीएसएमटी म्हणणारा एक तर नवा, नाय तर गाडीतली अनाउन्समेंट ऐकणारा." इतिहासाच्या चौकटीत हे तंतोतंत बसते. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्याला निघाली ती बोरीबंदरहून. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात व्हिक्टोरिया हे नाव आले, १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. एका वास्तूच्या नावाचे चार थर आहेत आणि ज्याला कोणी भाषाशास्त्र शिकवलेले नाही असा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडून ते थर ओळखतो आहे.

दुसरे निरीक्षण मराठीविषयी होते. ते मराठी कुठे शिकले, असे आम्ही विचारले. गिरगावातल्या आजीबाईंकडून थोडे, असे ते म्हणाले. फणसवाडी, झावबावाडी, मुगभाट या गल्ल्यांत शिरताना त्या मागच्या सीटवरून एकेक वळण सांगत असत. पण खरे शिक्षण परळला झाले. पहाटेच्या गाडीने दादरला उतरणारी, हातात एक्स-रेची पिशवी आणि घडी घातलेला कागद असलेली गावाकडची माणसे त्यांच्या टॅक्सीत बसत. "'टाटा' एवढाच शब्द बोलतात. कधी 'केईएम', कधी 'वाडिया'. कोणता वॉर्ड, कोणतं गेट, नवा पेशंट की जुना, काय ठाऊक नाय. त्यांना हिंदी येत नाय आणि रडणाऱ्या माणसाशी हिंदीत काय बोलणार? मराठीत मी पहिलं वाक्य शिकलो ते 'कागद दाखवा'."

तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आमच्यासारख्यांच्या स्मरणरंजनाला फारशी सोयीची नव्हती. जुन्या पद्मिनी टॅक्सीचा विषय निघाला. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून बरेच हळवे लेखन झाले. चालकांना मात्र तिचे काही कौतुक नव्हते. "मे महिन्यात इंजिनाची गरमी पायाला लागायची. स्टिअरिंग ओढून ओढून खांदा गेला. फोटो काढणाऱ्याला ती चांगली." फोनवरून बोलावायच्या टॅक्सींविषयीही त्यांची तक्रार एकेरी नव्हती. नव्या माणसाला पत्ता नीट सांगता आला नाही की धंद्यातलेच काही लोक त्याला फिरवून फिरवून नेत. नकाशा आल्यावर ते कमी झाले आणि रात्री एकट्या बाईला घरच्यांना गाडी कुठे आहे हे कळवता येते, हेही त्यांनी आपणहून सांगितले. मग वाईट काय झाले? "बोलायची गरज राहिली नाय. चार आकडे सांगतात, ओटीपी. उतरताना दार लावतात."

संभाषण एवढेच. आता आमचा मुद्दा.

पत्ता सांगणे हा मौखिक परंपरेतील बहुधा सर्वांत छोटा गद्यप्रकार असावा. त्याची काही लक्षणे सहज दिसतात. पहिले लक्षण असे की, तो ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. समोरच्याला काय ठाऊक असेल याचा अंदाज बांधून सांगणारा खूण निवडतो. एकच घर शेजाऱ्याला 'गणपती बसतो त्याच्या मागे' असते, परगावच्या पाहुण्याला 'स्टेशनापासून तिसरी गल्ली' असते आणि टॅक्सीवाल्याला 'पंपाच्या अलीकडे' असते. लोककथेची जशी पाठांतरे होतात तशी पत्त्याचीही होतात आणि प्रत्येक पाठ श्रोत्याने घडवलेला असतो. दुसरे लक्षण क्रियापदांचे. 'घ्या', 'वळा', 'सोडा' ही आज्ञार्थी रूपे पत्त्याचा कणा आहेत. मुंबईत प्रवासी टॅक्सीतून नुसता उतरत नाही. त्याला नाक्यावर 'सोडले' जाते. 'पुढच्या सिग्नलला डावीकडे घ्या आणि शाळेपाशी सोडा' या वाक्यात एक पूर्ण कथानक आहे. आरंभ, वळण आणि शेवट.

तिसरे लक्षण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पत्त्याच्या भाषेत नाहीशा झालेल्या वस्तू जिवंत राहतात. 'दादर टीटी' म्हणजे दादर ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली आणि ट्राम संपली. त्याला साठांहून अधिक वर्षे लोटली, पण 'टीटी' संपली नाही. धोबी तलावात तलाव नाही. चर्चगेटचा दरवाजा एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात किल्ल्याच्या तटाबरोबर पाडला गेला. आम्ही जेथे चाललो होतो त्या काळ्या घोड्याचीही हीच गोष्ट. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. तेथे बिनस्वाराचा नवा घोडा उभा राहिला तो २०१७ मध्ये. मधली बावन्न वर्षे चौकात घोडा नव्हता, तरी कोणाचाही पत्ता चुकला नाही! घोड्याला या काळात चौथरा नव्हता. लोकांच्या बोलण्याने त्याला उभे ठेवले होते. गिरणगावात तर हे पदोपदी दिसते. कमला मिल, फिनिक्स, श्रीराम मिल ही नावे आज कचेऱ्यांना, मॉलला आणि बसथांब्यांना पुरतात. "पोरं रात्री कमला मिल म्हणतात. तिथं भोंगा वाजायचा हे त्यांना कोण सांगणार?" हेही आमच्या चालकांचेच वाक्य.

येथे मराठीच्या विद्यार्थ्यांना एका जुन्या ग्रंथाची आठवण करून द्यावीशी वाटते. महानुभाव पंथातील 'स्थानपोथी' ही मुनी व्यासांच्या नावावर असलेली चौदाव्या शतकातील रचना. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, निजले, जेवले, त्या त्या स्थानांची ती नोंद आहे. अभ्यासक्रमात आपण 'लीळाचरित्रा'तील लीळा आवडीने शिकवतो आणि स्थानपोथीचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. कारण तिच्यात गोष्ट नाही, फक्त पत्ते आहेत. कोणते देऊळ, त्याच्या कोणत्या अंगाला, दार कोणत्या दिशेला, नदीच्या कोणत्या काठावर, अशी ती वाक्ये. पण त्या पत्त्यांमागे केवढी निकड आहे! ज्यांचे चरण तेथे लागले ते आता नाहीत, उद्या देऊळही पडेल, तेव्हा मागून येणाऱ्याला ती जागा सापडली पाहिजे, ही ती निकड. मराठीचे आरंभीचे गद्य अशा रीतीने पत्ता सांगण्याच्या कामी आलेले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या प्राचीन ग्रंथांचा अभिमानाने उच्चार झाला, आणि तो योग्यच होता. मात्र ज्या गरजेतून ते ग्रंथ निर्माण झाले ती गरज आजही दादरच्या टॅक्सीस्टँडवर रोज बोलली जाते, हे ध्यानात घेतले तरच त्या अभिमानाला अर्थ आहे.

आधुनिक साहित्यिकांनी ही गोष्ट ओळखलेली होती. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' लिहिले ते शहराच्या वाड्यावस्त्यांची, बाजारांची नावे टिपून ठेवत. पठ्ठे बापूराव आणि पुढे अण्णाभाऊ साठे या दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. भाऊ पाध्ये यांच्या कादंबरीचे नाव 'वासूनाका' आहे, ती १९६५ची. नामदेव ढसाळ यांच्या १९७२च्या संग्रहाचे नाव 'गोलपिठा' आहे. ही दोन्ही पुस्तके वाचकाला आधी एका नाक्यावर नेऊन उभे करतात आणि मग बोलू लागतात. मध्यमवर्गीय वाचकाने जो पत्ता कधी उच्चारला नव्हता तोच मुखपृष्ठावर छापणे, ही त्या काळातली मोठी वाङ्मयीन कृती होती. आमच्या वर्गांत या पुस्तकांतील विद्रोहाची चर्चा होते, भाषेची होते. शीर्षक हा पत्ता आहे, याची होत नाही.

मग या नावांवर हक्क कोणाचा? नावे बदलणारे दोन आहेत, शासन आणि बांधकाम व्यावसायिक. शासनाच्या निर्णयाने २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. त्यामागे काही भूमिका होती, तिच्यावर वाद घालता येतो. पण घरांच्या जाहिरातींमधून लोअर परळचे 'अप्पर वरळी' झाले त्याला भाव वाढवणे याखेरीज काही कारण दिसत नाही. 'परळ' या शब्दाला चिकटलेला गिरणीचा घाम पुसून टाकायचा, एवढाच तो उद्योग. या दोन्ही नामकरणांची खरी परीक्षा शेवटी रस्त्यावर होते. जे नाव उच्चारल्यावर टॅक्सीवाला गाडी सुरू करतो ते नाव टिकते. शहराच्या नावांची राखण इतकी वर्षे अशा माणसांनी केली आहे, ज्यांपैकी पुष्कळांची मातृभाषा मराठी नव्हती.

म्हणूनच टॅक्सीचालक आणि मराठी या वादाकडे आम्ही थोडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. जानेवारी २०१०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या टॅक्सी परवान्यांसाठी मराठी लिहिता-वाचता येण्याची अट जाहीर केली. गदारोळ होताच 'स्थानिक भाषा' म्हणजे हिंदी किंवा गुजरातीही चालेल, असा खुलासा आला. २०१६ मध्ये रिक्षा परवान्यांसाठी मराठीची सक्ती करणारे परिपत्रक निघाले. ते २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. मुंबईत व्यवसाय करणाऱ्याला मराठी यावी, ही अपेक्षा आम्हांला मुळीच गैर वाटत नाही. मराठीच्या शिक्षकांना ती गैर वाटण्याचे कारणच नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. या साऱ्या वादात मराठी म्हणजे परीक्षेचा एक कागद, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले गेले. सक्ती मागणाऱ्यांनी चालकाची परीक्षा घ्यायचे ठरवले आणि विरोध करणाऱ्यांनी ती परीक्षा नको म्हटले; तो मराठी कोणाकडून शिकतो, हे कोणी विचारले नाही. तो प्रवाशाकडून शिकतो. टॅक्सीत बसताक्षणी जो मराठी माणूस तोडक्यामोडक्या हिंदीत 'भैया, आगे से लेफ्ट लेना' म्हणतो, तो एक शाळा बंद करतो. परळच्या वाटेवरील हतबल रुग्णांनी आमच्या चालकांना जी मराठी शिकवली ती कोणत्याही परिपत्रकाने शिकवली नसती; कारण त्या रुग्णांपाशी दुसरी भाषाच नव्हती.

आणि आता ती शिकवणीही संपत आली आहे. नकाशा दोघांनाही रस्ता सांगतो. प्रवाशाला पत्ता सांगावा लागत नाही, चालकाला तो विचारावा लागत नाही. यात वेळ वाचतो, फसवणूक कमी होते, हे खरे. पण दोन अनोळखी माणसांनी एकमेकांच्या माहितीचा अंदाज घेत एक वाक्य मिळून पुरे करायचे, ही भाषेची मूळ क्रिया त्यातून वजा होते. यंत्राचा पत्ता सर्वांसाठी एकच असतो, त्याला पाठभेद नसतात. तो समोरच्याचे वय, गाव, घाई, आजारपण पाहत नाही. त्याला 'टीटी' म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज नाही. कारण त्याला कोणी विचारणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक नव्या साधनाबरोबर काही बोली जाते, त्यात रडण्यासारखे काय? टांग्याची भाषा गेली, ट्रामची गेली, तशी टॅक्सीचीही जाईल. आक्षेप खोटा नाही. आम्ही जुनी टॅक्सी परत मागत नाही. ज्यांनी ती चालवली त्यांनाही ती नको आहे. आमचे मागणे त्याहून लहान आहे आणि ते आमच्याच व्यवसायाकडे आहे. मराठी विभागांत लोकसाहित्य म्हणजे जात्यावरची ओवी, भारूड, पोवाडा असे समीकरण पक्के झाले आहे. शहरालाही मौखिक परंपरा असते, ती फेरीवाल्याच्या हाकेत, लोकलच्या डब्यातल्या भांडणात आणि टॅक्सीतल्या पत्त्यात असते, हे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. प्रकल्पासाठी आपण त्यांना दूरच्या गावी पाठवतो. तेथे अवश्य जावे. पण स्वतःच्या घराचा पत्ता आजी कसा सांगते, हे आधी लिहून आणावे.

आमच्या एका वर्गात आम्ही हा स्वाध्याय दिला. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका विद्यार्थिनीने तीन पत्ते लिहून आणले. आधारपत्रावरचा पत्ता एका ओळीचा होता. वडिलांचा पत्ता बसथांब्यापासून सुरू होत होता. आजीचा पत्ता मात्र पानभर होता. त्यात वाण्याचे दुकान होते, जे आता नाही. नळ होता, जो आता नाही. आणि ज्या बाईच्या दारावरून वळायचे ती बाईही आता नव्हती. चाळ पाडून तेथे टॉवर होणार आहे. मग त्या घराला विंग आणि मजला असेल, आणि पत्ता पुन्हा एका ओळीचा होईल. विद्यार्थिनीने खाली लिहिले होते, "आजीच्या पत्त्याने आता घर सापडत नाही, पण आजी सापडते." या वाक्याला आम्ही किती गुण द्यायचे, यावर आम्हां दोघांत अजून एकमत झालेले नाही.

असो. साहित्याच्या अभ्यासकांनी वाङ्मयप्रकारांच्या यादीत पत्त्याला जागा द्यावी की नाही, हे विद्वानांनी ठरवावे. तोवर वाचकांनी एक करून पाहावे. पुढच्या वेळी टॅक्सीत बसाल तेव्हा फोन खिशात ठेवा आणि कुठे जायचे ते मराठीत, खाणाखुणांसह, नीट सांगा. समोरचा चुकला तर पुन्हा सांगा. तो जर म्हणाला की, ही खूण आता राहिली नाही, तर तेथे काय होते ते त्यालाच विचारा.